फाइल क्रमांक ४१७ ची पूर्तता

मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला
मंगळवार, दुपारी

ती. मामांना, खोलीत खाली वाकायला जागा नसल्यामुळे खाटेवर बसूनच शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामीचा खोकला थांबला का? दुकानाची नवी पाटी लागली, की रंगारी अजून उद्यावरच आहे? मी इथे मजेत आहे. भूक लागते, झोप लागते, दगड ओळखायला शिकते आहे (भूगर्भशास्त्रात दुसरं फारसं काही नसतं, आणि मला ते भयंकर आवडतं). पत्राला तसं खास कारण नाही. माझी शिष्यवृत्ती पुढच्या शुक्रवारी बंद होणार आहे, पण ते ओघात येईलच. एकच विनंती, हे पत्र दुकानात उघडू नका. तुम्हाला पत्रं मोठ्यानं वाचायची सवय आहे. फोन केला नाही तोही याचसाठी. तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि चष्म्याला आलेली अनोळखी माणसं माझ्या तब्येतीवर मतं देतात.

तर बाबांचा छापखाना आठवड्यातून तीनच दिवस चालतो हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून कॉलेजनं माझी फी माफ केली आणि खोलीचं भाडं निम्म्यावर आणलं. लोकांना वाटतं, हे असं सहज मिळतं. अर्ज चौदा पानी होता. घरात खिडक्या किती इथपासून त्यांना पडदे आहेत का इथपर्यंत सगळं विचारलं होतं. (आईनं पडदे आहेत असं लिहायला लावलं. नाहीत, पण गरीब असलो म्हणून काय झालं, असं तिचं म्हणणं पडलं.) आणि मिळालेली मदत टिकवणं त्याहून कठीण. हजेरी पाहिजे, गुण पाहिजेत, शिवाय आठवड्याला आठ तास कॉलेजचं काम करायचं. गेल्या वर्षी मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवत होते. यंदा माझं काम बघून मला थेट विद्यार्थी साहाय्य कार्यालयात टेबल दिलं. म्हणजे जिथून मदत मिळते तिथेच मी बसते, पंख्याच्या मागच्या बाजूला.

या कार्यालयाच्या प्रमुख एक बाई आहेत. त्यांना सगळे पूर्तताबाई म्हणतात, कारण जगातल्या कुठल्याही दुःखावर त्यांचं एकच उत्तर असतं, आधी पूर्तता करा. माझं काम सोपं आहे. ज्या फाइलमध्ये एखादा कागद कमी असेल त्या विद्यार्थ्याला पत्र पाठवायचं. सुरुवातीला मी फार गोड पत्रं लिहायची, 'तुझी अडचण समजते' वगैरे. बाईंनी ती लाल पेनानं खोडली आणि म्हणाल्या, तुला अडचण समजायचा पगार नाही. मग मी सुधारले. आता माझं पत्र मिळालं की मुलं जेवण टाकून धावत येतात. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

अशा भरात एके दिवशी माझ्या टेबलावर फाइल क्रमांक ४१७ आली. उघडली तर वरच माझा फोटो, तोच, तुम्ही काढलेला, ज्यात माझा एक डोळा मिटलेला आहे. आत घरची चौकशी करायला पाठवलेल्या गृहस्थांचा अहवाल होता. शब्द न शब्द लिहिते. 'मुलीच्या मामांचा चष्म्याचा व्यवसाय भरभराटीत असून, मुलीच्या शिक्षणाचा संपूर्ण भार आपण एकटेच उचलत असल्याचे त्यांनी न विचारता सांगितले.' माझी पाचावर धारण बसली.

काय घडलं ते मामीनं नंतर फोनवर सांगितलं. तो चौकशीवाला बिचारा आमच्या घराचा पत्ता विचारायला गल्लीच्या तोंडाशी तुमच्या दुकानात शिरला. तुम्ही त्याला पाणी दिलंत, बसवलंत आणि नंबर वाढलेला दिसतोय म्हणून डोळे तपासायच्या यंत्रापाशी नेलंत. एकदा माणसाची हनुवटी त्या यंत्रावर टेकली की त्याला उठता येत नाही आणि मान हलवून नाहीसुद्धा म्हणता येत नाही. अशा स्थितीत तुम्ही त्याला वीस मिनिटं भाची ऐकवलीत. मामा, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. तुम्ही जरा पुढचं बोललात. मला ठाऊक आहे की दुकान चालत असतं तर तुम्ही खरोखर सगळं केलं असतंत. पण अहवालात असतं-नसतं लिहायला रकाना नसतो.

मी लगेच बाईंकडे गेले आणि म्हटलं, ही माझीच फाइल आहे, दुसऱ्या कुणाला द्या. बाईंनी मान वर न करता सांगितलं, इथे माणसं नसतात, क्रमांक असतात, क्रमांकाला पत्र पाठव. (त्यांनी तेव्हा नीट ऐकलं नसावं असं मला आता वाटतं.) म्हणून मी मला पत्र लिहिलं. 'आपणांस कळविण्यात येते की आपण उत्पन्नाची माहिती दडवली असल्याचे दिसून येते.' जावक क्रमांक घातला, शिक्का मारला, पेटीत टाकलं. चार दिवसांनी ते वसतिगृहात माझ्या हातात पडलं आणि विश्वास ठेवा, माझ्याच भाषेनं मला घाम फुटला.

मी रात्रभर न झोपता, म्हणजे अकरापर्यंत, दोन पानी खुलासा लिहिला. मामा प्रेमळ आहेत, बोलण्याच्या ओघात वाहून जातात, असं सगळं मनापासून लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खुलासा माझ्याच टेबलावर आला. कार्यालयाच्या खुर्चीतून वाचला तेव्हा मला तो फारच लांबट आणि मुद्दा सोडून वाटला. पुरावा म्हणून एकही कागद जोडलेला नव्हता. मी समासात 'असमाधानकारक' असा शेरा मारला आणि दुसरं पत्र धाडलं, आधीच्यापेक्षा कडक. ते वाचून मला इतका राग आला की मी चारच ओळींचं उत्तर दिलं, त्यात 'आपल्या कार्यालयाला काळीज आहे का' असंही विचारलं. ते पुन्हा माझ्याकडे. आता मला सांगा, मी दिवसभर मान मोडून काम करायचं आणि कुणी उठून माझं काळीज काढायचं? 'विद्यार्थिनीची भाषा उर्मट' असं नोंदवून मी फाइल बाईंच्या पुढे ठेवली.

बाईंनी सगळा पत्रव्यवहार वाचला. पत्र लिहिणारीचं तोंडभरून कौतुक केलं आणि उत्तर देणारीवर भडकल्या. म्हणाल्या, अशा पोरींना धडा शिकवायलाच हवा. पुढच्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मामांचं लेखी निवेदन आलं नाही तर मदत बंद, वर्षाची सगळी फी वसूल. आणि मदत बंद झालेल्या मुलीला कार्यालयात काम करता येत नाही, त्यामुळे तिला कामावरून काढायचा आदेशही आजच टंकून ठेव. मी टंकला. चुका नाहीत म्हणून बाईंनी त्याचंही कौतुक केलं. शेवटी मी फाइलमधला फोटो आणि माझा चेहरा शेजारी शेजारी धरून दाखवला, एक डोळा मिटूनसुद्धा. त्यांनी फोटो हातात घेऊन पडताळून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, अगं, मग तर तू पूर्तता लवकर करायला हवी.

इथवर मी हसत लिहिलं, पण मामा, मला भीती वाटते. मला हे कॉलेज सोडायचं नाही. परवा आम्हाला टेकडीवर नेलं होतं. सगळ्यांनी दुर्लक्षिलेला एक काळा दगड मी ओळखला आणि सर म्हणाले, बरोबर. एवढंच. पण तेव्हापासून मला दुसरं काही करावंसं वाटत नाही. असो. कंबरेला शेक घेत जा, जड पेट्या उचलू नका. बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमची भाची
(सध्या क्रमांक ४१७)

ता. क. सोबत एक छापील कागद आहे. त्यावर लिहिलंय, 'मी माझ्या भाचीला शिक्षणासाठी कोणत्याही प्रकारची आर्थिक मदत करीत नाही व यापूर्वीही केलेली नाही.' त्याखाली सही करून पुढच्या गुरुवारपर्यंत इथे पोचेल असा पाठवा. हे वाक्य वाचून तुम्हाला काय वाटेल याची मला कल्पना आहे. मी सौम्य करून पाहिलं होतं, 'मनात खूप आहे, परंतु' अशी सुरुवात केली होती. पण ते तपासायला माझ्याचकडे आलं आणि मला ते नाकारावं लागलं. दर वर्षी तुम्ही मला फुकट चष्मा देता त्याचं काय, असंही मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, किरकोळ. तुम्ही रागावू नका, मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ता. क. २. साक्षीदाराची सही लागते. गल्लीतलं कुणी नको, म्हणून मी परस्पर मामीला हाच कागद पाठवून तिची सही आधीच घेतली आहे. खालच्या कोपऱ्यात बघा. मी तिला म्हटलं, मामी, मामा दुकानात येईल त्याला असं सांगतात हे तुला आधीपासून ठाऊक होतं? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करते आहे, यांच्या बोलण्याला साक्षीदारच आहे.

ता. क. ३. कागदाच्या तळाशी 'कार्यालयाचा शेरा' असा एक रकाना आहे. तो भरायचा अधिकार त्या टेबलावर बसणाऱ्याला, म्हणजे मला असतो. मी तो आजच भरून टाकलाय. पूर्तताबाईंनी वाचला, लाल पेन उघडलं आणि परत टोपण लावलं. शेरा असा आहे: 'सदर मामा भाचीला एक पैसाही देत नाहीत, हे खरे आहे. मात्र ते देतात असे त्यांनी दुकानात सांगितल्यास भाचीची हरकत नाही. कुणी विचारल्यास तीही हो म्हणेल.'