शिवूची उजवी मूठ

ता. ७ फेब्रुवारी, सोमवार
आधी आली ती शेजारची काशी. निमित्त विरजणाचं, डोळे लेकराच्या झोळीकडं. तिच्या मागनं लगेच नर्सबाई, हातात तो लेकरं तोलायचा लोंबता काटा. दिवाळीपासून तिसरी खेप तिची. काशीला बसवलं, चहा टाकला, अन् नातीला, शिवूला, उचलून आतल्या खोलीत कणगीमागं निजवून आले. नर्सबाईला म्हणलं, लेकरू मामाच्या गावाला गेलंय. आमच्या दुकानात काट्यावर तूर घालतेत, ज्वारी घालतेत. नात घालत न्हाईत, दृष्ट लागती. काशी पदराआड हासली, पण बोलली न्हाई, तेवढं चांगलं केलं तिनं.
शिवूनं आतून हूं का चूं केलं न्हाई. दहा महिन्याची झाली, रडून कुणाला तरास न्हाई. असं शहाणं लेकरू अख्ख्या गल्लीत दावा. अन् उजवी मूठ कशी गच्च! लक्ष्मी धरूनच आलीय. येईल त्याला मी दावते.
पाण्याचा टँकर आलाच न्हाई आज.

ता. ११, शुक्रवार, शिवरात्र
काशी बेल घेऊन आली, संगं नातू. आठ महिन्याचा, शिवूहून दोन महिन्यानं लहान. खाली सोडला तर बसला. बसल्या बसल्या सरकला, अन् परडीतला बेल दोन्ही हातानं विस्कटून टाकला. काशी त्याला रागवायचं सोडून माझ्याकडं बघून राहिली. मी म्हणलं, आमची अंगानं भरलेली हाय, पोरी जरा उशिरानंच बसतेत. म्हणलं खरं.
सून महानंदा, शिवूची आई, दारात उभी होती. आत गेली.
सगळे गेल्यावर शिवूला भिंतीला टेकवून बसवलं. उजवीकडं कलली. परत बसवलं. परत उजवीकडंच. मग

ता. १७, गुरुवार
आज अंघोळीचा दिवस. तीन दिसाला एक तपेलं, त्यातच डोकं, त्यातच अंग. तेल लावताना मूठ उघडून बघितली. एक एक बोट सोडवावं लागलं. अंगठा आत दबलेला. तळहात पांढरा पडलेला, वास येत होता, नखाचा व्रण. दुखलं असणार. रडली न्हाई. माझ्याकडं बघून हासली.
बोटं सोडली की परत मिटली.
उजवा पायबी ताठ. इतके दिवस मीच तेल लावते, मीच बघितलं न्हाई.

ता. १८
महानंदाला मूठ दावली. ती भाकरी थापून राहिली होती, हात थांबवला न्हाई. म्हणली, "अत्ती, मला संक्रांतीपासून दिसतंय. तुमी समद्यांना लक्ष्मी लक्ष्मी म्हणून सांगत होता. मी कुठल्या तोंडानं बोलू?"
सासूपुढं न बोलायचं वळण मीच लावलं तिला. लई चांगलं लावलं.

ता. २१, सोमवार
पोरीला काखेत मारून नर्सबाईच्या दारात गेले. ती म्हणली, आजी, मामाच्या गावाहून कधी आली नात? मी खाली बघितलं. मग तिनं काट्याच्या झोळीत घातली. वजन बरं निघालं. वजनाचा सवालच नव्हता म्हणली. जन्मली तेव्हा लगेच रडली का, हे विचारलं. मी सांगितलं, सुईणीनं उलटी धरून पाठ थोपटली, पाणी मारलं, मग बऱ्याच वेळानं बारीक आवाज आला. हेच मी गावभर कौतुकानं सांगितलं होतं, की आमची जन्मापासूनच सोशिक.
नर्सबाईनं लातूरची चिठ्ठी लिहून दिली.

ता. २४, गुरुवार
लातूर. जीपमधी माझा पोरगा, शिवूचा बाप, पुढं, शिवूला घेऊन आमी सासूसुना मागं. पाट्यांवर जिल्हा उस्मानाबाद खोडून जिल्हा लातूर लिहिलंय, रंग अजून ओला वाटतो. डाक्टरीणबाई तरणी, पण बोलायला मायाळू. म्हणल्या, जन्माच्या वेळी श्वास अडकला, मेंदूची एक बाजू दुखावली, म्हणून उजव्या हातापायाला तिकडून सांगावा येत न्हाई. झालेली इजा भरून येत न्हाई, पण या वयात मेंदू वाढून राहिलेला असतो, हातपाय हलवून घेतले तर बाकीचा भाग शिकतो. म्हणून जितकं लवकर तितकं बरं.
विचारलं, दिवाळीत आणली असती तर? त्या चिठ्ठी लिहीत राहिल्या.
मग विचारलं, चालंल का? "आत्ताच सांगता येत नाही, आजी."
व्यायामाचा डाक्टर नांदेडला असतो. इथं जिल्हा झाला, डाक्टर अजून यायचाय.

ता. ९ मार्च, बुधवार
डाक्टरीणबाईंनी सांगितलं तसं रोज करते. झोळी सोडली. गोधडीवर पालथी निजवायची, पोटाखाली उशी. डावा हात मी धरायचा अन् खुळखुळा उजवीकडं ठेवायचा. आज चिडली अन् केवढ्यांदा रडली! काशी पळत आली, लेकराला मारता का म्हणून. मी म्हणलं रडू दे, अजून रड माझे बाई. अन् मीबी रडले.
खुळखुळा तिथंच पडून राहिला.

ता. १६
काहीच फरक न्हाई. पाच दिस टँकर न्हाई, अंघोळ न्हाई, तेल पुसून घेते नुसतं. काशी म्हणली, एवढं काय जिवाला लावून घेता, पोरगीच तर हाय. तिची विरजणाची वाटी रिकामीच परत दिली.

ता. २३, बुधवार
पोरगा म्हणतो, अव्वा, तुझी काय चूक. त्याचा आवाजच सांगतो कुणाची ते.
उशीच्या आधारानं बसते थोडी. आधार काढला की कलली उजवीकडं. हासते मात्र अशी गोड की माझं काळीज

ता. ३१, गुरुवार
आधी नर्सबाई आल्या, मागनं लातूरच्या डाक्टरीणबाई, गावात लसीकरण होतं म्हणून. शिवूला उताणी केली, पाय वाकवून बघितले, तळव्याला गुदगुल्या केल्या. डावा पाय झटकला. उजवा न्हाई. व्यायाम बरोबर करताय म्हणल्या.  सोमवारी, ११ एप्रिलला परत येते म्हणल्या, संगं नांदेडचा व्यायामाचा डाक्टर आणते. तो बघून सांगंल, चालंल का न्हाई.
त्या दिवशी टँकरची पाळीबी आपली हाय. मी महानंदाला म्हणलं, तू जा पाण्याला, मी शिवूला घेऊन घरी थांबते.
ती म्हणली, "न्हाई अत्ती. पाण्याला तुमी जा. या खेपेला घरी मी थांबते."
बोलताना तिची नजर आतल्या कणगीकडं गेली. बरं म्हणलं. सोमवार, ता. ११.