सोळा दिवस नसलेली डायरी

२ जानेवारी, गुरुवार

ही डायरी २०१४ची. चालू वर्ष २०२५. शोध नाजिमानं लावला — "अब्बा, दोन्ही वर्षांचे वार सेम टू सेम आहेत!" मुलगी खराडीला कॉम्प्युटरसमोर बसते, तिला असलं बरोबर दिसतं. दुकान रिकामं करताना माळ्यावर अशा चौतीस डायऱ्या निघाल्या. सगळ्या कोऱ्या. फेकायच्या कशाला? जन्म पुण्यात गेलाय.

तर दुकान बंद झालं. परवा मालकाला किल्ली दिली, इमारत पाडणार आहेत. नारायण पेठेत बेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली. आता मांजरीत मुलीच्या फ्लॅटमध्ये सहाव्या मजल्यावर बसून समोरचा ऊस बघतोय. दुसऱ्यांच्या इतक्या वह्या शिवल्या, स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. घरातली आमची बोली वेगळी, पण शाळा मराठी — हात मराठीतच वळतो. बघू किती दिवस टिकतंय.

३ जानेवारी, शुक्रवार

दुकानाची पाटी घरी आणली. 'शेख बंधू, बुक बाइंडर्स'. त्यातल्या 'बंधू'वर मी काळा ऑइलपेंट मारला होता. मुमताजनं एकदा पाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग गॅलरीत नेऊन तिच्यावर कुंड्या मांडल्या. बायको न बोलण्यात फार बोलते.

१९ जानेवारी, रविवार

या डायऱ्या उरल्या कशा, ते एकदा लिहूनच टाकतो.

एका पतसंस्थेची हजार डायऱ्यांची ऑर्डर होती. डिसेंबर २०१३. मी आणि जुनेद — माझा धाकटा भाऊ. छापलेल्या कागदाची घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. फर्म्यांचे गठ्ठे मोजून मांडायचं काम जुनेदकडे. माल पोचला आणि चौथ्या दिवशी अध्यक्ष दुकानात उभे! शेवटच्या दोनशे डायऱ्यांत एक फर्माच नव्हता. १४ ऑगस्टनंतर एकदम ३१ ऑगस्ट. त्या वर्षी गणपतीही त्यातच होते. अध्यक्ष ओरडले, "स्वातंत्र्यदिन खाल्लात, बाप्पाही खाल्लात!"

भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी जुनेदला बोललो. नको ते बोललो. तो एकच म्हणत राहिला, "भाई, तो गठ्ठा माझ्यापर्यंत आलाच नाही." मी म्हटलं, तुझं लक्ष मोबाइलमध्ये, गठ्ठा काय चालत येणार? आठवडाभर धुमसत होतो दोघं. मग एक दिवस तो शाळेची पुस्तकं पोचवून आला, खुंटीवरचा शर्ट काढला, जेवणाचा डबा उचलला आणि गेला. परत आला नाही. कोंढव्यात लॅमिनेशनचं दुकान टाकलं त्यानं.

चूक कबूल करायला जीभ झिजते का? एवढंच हवं होतं मला. अम्मीच्या दफनाला शेजारी उभे होतो दोघं. तेव्हाही बोलला नाही. मीही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवी सवय — सकाळचं चालणं. सोबतीला खालच्या मजल्यावरचे वैजनाथराव. परभणीचे, एसटीत कंडक्टर होते. अजून लिफ्टमध्ये "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात.

त्यांना एक डायरी दिली. आधीच सांगितलं, यात सोळा दिवस नाहीत. म्हणाले, "असू द्या की. मी बीपीच्या गोळ्या लिहितो. सोळा दिवस बीपीला सुट्टी!"

१७ फेब्रुवारी, सोमवार

चालताना आठवलं. डायऱ्यांच्या दिवसांत लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे मांडून त्याच्याभोवती आम्ही गोल गोल फिरायचो. जुनेद पुढे, मी मागे. एकेक फर्मा उचलायचा, हातातल्यावर ठेवायचा, पुढे सरकायचं. दिवसाला दहाबारा किलोमीटर सहज होत असतील! तेव्हा त्याला कोणी मॉर्निंग वॉक म्हणत नव्हतं. तो मध्येच गाणं म्हणायचा, मी "शंभर!" ओरडायचो, तो "शंभर एक" म्हणून पुन्हा गाण्याला लागायचा. आकडा चुकला म्हणून कधी भांडलो नाही.

वैजनाथरावांबरोबर चालताना मी आपोआप मागे राहतो. ते म्हणतात, "दम लागला का?" नाही हो. सवय.

३१ मार्च, सोमवार

ईद. जुनेदचा फोन दरवर्षीप्रमाणे मुमताजला. आतून म्हणाली, "जुनेदनं सलाम सांगितलाय."

"ऐकला," म्हटलं.

शीरखुर्म्यात यंदा साखर कमी होती. की माझीच जीभ?

८ जून, रविवार

पुस्तक वाचतोय! चौसष्टाव्या वर्षी. हसू नये कोणी. बाइंडर पुस्तकाचं पहिलं पान बघतो, शेवटचं बघतो आणि मधल्या फर्म्यांचे आकडे. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. नारायण पेठेत माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, मला पत्ता नाही. आता वैजनाथराव ग्रंथालयातून आणून देतात. वाईट खोड एकच — सोळा पानं झाली की आपोआप थांबतो. खून कोणी केला ते सतराव्यावर असलं तरी!

इथे खळीचा वास नाही, त्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मैदा शिजवायचा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा. माझी चिमूट मोठी. खळ निळसर व्हायची. जुनेदच्या बोटांना त्यानं खाज सुटायची, तो भांड्याला शिवायचासुद्धा नाही. अख्ख्या पेठेत ती निळी खळ माझी म्हणून ओळखायचे.

२९ जुलै, मंगळवार

या पानावर छापलंय — रमजान ईद. मुमताजला दाखवलं. म्हणाली, "मग शीरखुर्मा डायरीकडेच मागा."

१४ ऑगस्ट, गुरुवार

उद्यापासून पानं नाहीत. सोळा दिवस गप्प बसायचं. मुमताजला सांगितलं तर म्हणाली, "लिहिण्याचं सांगताय की बोलण्याचं?"

३१ ऑगस्ट, रविवार

आलो. या सोळा दिवसांत सोसायटीत गणपती बसले, नाजिमाला बढती मिळाली, माझी दाढ काढली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि पान नव्हतं. आधी वाटलं होतं, बरंच झालं, सुट्टी! पण सवय लागलीय. रोज संध्याकाळी पेन घेऊन टेबलापाशी यायचो आणि आठवायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीतल्या मुलांची फाटकी पुस्तकं शिवून द्यायचा विचार होता. वैजनाथराव म्हणाले, "मुलं आता टॅबवर शिकतेत." दाभण, कात्री, ब्रश पुन्हा डब्यात. बाकी सगळं विकलंय, एवढंच ठेवलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

जुनेद आला होता!

स्वतः. पत्रिका घेऊन. मिसबाचं लग्न — त्याची थोरली. २८ डिसेंबर. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर गेलो नाही. त्याचा आवाज ऐकू येत होता. "भाभी, भाईंनी यायलाच हवं. मिसबाच्या डोक्यावर अब्बांच्या जागी तेच हात ठेवणार." आवाज अब्बांसारखा झालाय त्याचा. मिसबा तीन वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली कागदाच्या कातरणांत झोपायची.

तो गेल्यावर मुमताज दारात उभी राहिली. मी म्हटलं, "आधी त्यानं चूक कबूल करावी. मग येतो."

"बारा वर्षं होत आली."

"मग काय झालं? चूक शिळी होते का?"

१४ डिसेंबर, रविवार

मुमताज पातेलं आपटून म्हणाली, "तुमची माफी तुम्हाला लखलाभ. मी जाणार, नाजिमा जाणार. तुम्ही इथे पुस्तक वाचत बसा. सोळा पानं."

फार लागलं. पण मी तरी काय करू? आता गेलो तर इतकी वर्षं मी उगाच रुसलो होतो असं होईल. लोक विचारतील तेव्हा काय सांगू?

लिहिताना हे किती बारीक दिसतंय. खोडत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सावकाश लिहितो.

उद्या मिसबाची हळद. तिथे मुमताज अम्मीच्या पद्धतीचा मलिदा करून नेणार. ती पद्धत तिच्या पाककृतींच्या वहीत आहे. त्या वहीची पाठ सुटली, पुठ्ठा लोंबायला लागला. माझ्यापुढे टाकून म्हणाली, "लग्नाला येऊ नका, पण एवढं शिवून तरी द्या."

वही मीच बांधली होती, तिला भेट म्हणून. पुठ्ठ्यावरचं जुनं कापड ओलं करून काढलं. आत मजबुतीला चिकटवलेला कागद असतो, आम्ही रद्दीतला कुठलाही लावतो. त्यावर छापलेलं होतं — २२ ऑगस्ट, शुक्रवार. शेजारी २३ ऑगस्ट, शनिवार. खाली पतसंस्थेचं नाव.

कागद निळसर. माझ्या खळीचा निळा.

मग सगळंच आठवलं. डायऱ्या बांधल्या त्याच आठवड्यात एका शाळेची तीनशे जुनी पुस्तकं दुरुस्तीला आली होती. पाठींना लावायला कागद कमी पडत होता. टेबलाखाली सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. छापखान्यातली रद्दी असेल म्हणून मी ओढला. तारीख वाचली नाही — मी कुठे कधी काही वाचत होतो! सुतळी मी सोडली. कात्री मी चालवली. तीनशे पुस्तकांत आणि या वहीत ते सोळा दिवस मी माझ्या हातानं चिकटवून टाकले.

गठ्ठा त्याच्यापर्यंत आलाच नव्हता.

२७ डिसेंबर, शनिवार

वही शिवून दिली. मुमताज म्हणाली, "डोळे लाल का?" म्हटलं, मोरचूद. मग म्हटलं, "उद्या माझी शेरवानी काढून ठेव."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

(लिहितोय २९ डिसेंबर, सोमवारी. आजचं पान डायरीत आहे, तरी इथेच लिहायचं होतं. कागद पाण्यात सोडवून दोरीवर वाळवला, दोन पानं धड निघाली; त्यातलं हे एक.)

दुसरं, २३ ऑगस्टचं, काल निकाहनंतर जुनेदच्या हातात ठेवलं. म्हटलं, चूक माझी होती. त्यानं कागद बोटांत चोळला. "मोरचूद जास्तच घालायचात, भाई." मग हळूच म्हणाला, "मला माहीत होतं. शाळेची पुस्तकं द्यायला गेलो, तिथे एकाची पाठ उचकटली. आत हेच."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्या हातून चूक झाली तर लोक म्हणणार, धाकटा कामचुकार. तुमच्या हातून झाली म्हटलं तर दुकान बसलं असतं. घर दुकानावरच चालायचं, घरात अम्मी होती."

मी बारा वर्षं त्याच्या माफीची वाट बघत बसलो. तो त्याच दिवशी डबा उचलून गेला होता, माझं दुकान चालावं म्हणून.

जुनेद रविवारी येतोय. पाटीवरचा काळा रंग खरवडायला पत्रा घेऊन ये म्हटलंय. मुमताजनं कुंड्या आजच हलवल्या.