पोर्थगारूचे घर, त्यामागचे शेत आणि बाकीचे

मी, श्रीमती नीलिमा गोपीनाथ टिपणीस, माहेरची गुप्ते, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी ठाण्यात भूगोलाची शिक्षिका, सध्या राहणार मुलाच्या घरी, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, फुफ्फुसे नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, त्यात दोन्ही गोष्टी आल्या आहेत. मृत्युपत्र करच, असा आग्रह मुलगा दर्शन याने धरला, आणि तो योग्यच होता. त्यात काय लिहायचे यावर मात्र आमचे मतभेद झाले. शेवटी मला पटले तेच लिहिले आहे.

वकीलबाईंनी इंग्रजी मसुदा केला आहे. त्याचे अरबी भाषांतर शारजाच्या रोल्ला भागातल्या एका कचेरीतून होऊन येईल. ते दोन कागद सरकारसाठी, हा मराठी कागद घरच्यांसाठी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. माझे धाकटे दीर शशिकांत सांगण्याची शक्यता आहे.

कलम १. बँकेतील माझी शिल्लक, इथली आणि ठाण्याची, मुलगा दर्शन आणि मुलगी आभा यांनी निम्मी निम्मी घ्यावी. पाटल्या आभाला. तोडे सून इशिता हिला. वर्षभर ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी माझे ऑक्सिजनचे यंत्र बघणारी ती आहे. तोडे जड आहेत, आवडले नाहीत तर मोडून दुसरे काही करावे, मला वाईट वाटणार नाही.

कलम २. माझे यजमान कै. गोपीनाथ यांची हत्यारे दर्शनकडे राहावीत. त्यात दगड फोडायचा एक हातोडा आहे. तो वेल्समधल्या पोर्थगारू गावच्या एमिर या मेंढपाळाने त्यांना दिला होता आणि चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून भिंत कशी रचायची तेही शिकवले होते. पुढे अबूधाबीतल्या रुवैसला कंपनीच्या क्वार्टरमध्ये हा हातोडा स्वयंपाकघरात पडून असे. हे त्याने नारळ फोडत. इशिताने तो फेकू नये.

माझे नकाशे नात शुभ्रा हिला. तिला नको असतील, तरी द्यावेत.

कलम ३. पोर्थगारू येथील कड्यावरचे दगडी घर, त्यातील सामानासह, मी दर्शन व आभा यांना समसमान देते.

या घराविषयी लिहिणे भाग आहे, कारण शशिकांतभावजींनी तीस वर्षे सगळ्यांना सांगितले की दादाने पैसे परक्या समुद्रात बुडवले. मजा म्हणजे शेवटी ते शब्दशः खरे ठरत आहे. पण कसे ते मुलांना माहीत असावे.

गोपीनाथ तिकडच्या रिफायनरीत मेन्टेनन्सला होते. कंपनीच्या गावात भाड्याने राहण्यापेक्षा, अर्ध्या तासावर समुद्राकाठी एक जुने घर स्वस्तात मिळते आहे, असे त्यांना कळले. स्वस्त का, हे घेतल्यावर कळले. तो सगळा किनारा संरक्षित होता. कडे, शेते, दगडी बांध, पाऊलवाट, सगळे जसे आहे तसे राखायचे आणि त्यावर देखरेख करायला गावातल्याच लोकांची समिती. खिडकीचा रंग, छपराची पाटी, कुंपणाची उंची, सगळे त्यांच्यापुढे जायचे. निर्णय वरच्या कचेरीचा असे, पण समिती जे म्हणे ते वरचे क्वचितच मोडत.

आम्ही दारापुढे काचेची पडवी मागितली. वारा इतका असे की दार उघडले की देवघरातली समई विझे. समितीने नाही म्हटले. गोपीनाथ चिडले. "आपल्याच घरात आपण पाहुणे!" म्हणाले. मी मात्र कारण विचारायला त्यांच्या बैठकीत गेले. अध्यक्षा नेरिस नावाच्या बाई होत्या, शाळेत शिकवत. त्यांनी मला कडा उतरून खाली नेले आणि पुळणीवरून, वाळूतून, घर दाखवले. "इथून काच चमकेल. बघा, आत्ता काहीच चमकत नाही," एवढेच बोलल्या. खरे होते. त्या उतारावर माणसाचा हात लागलाय हे कळतही नव्हते.

पुढच्या वर्षी समितीत रहिवाशांची एक जागा रिकामी झाली, ती त्यांनी मला दिली. कोणी येत नव्हते म्हणून दिली असेल, पण मी मनापासून काम केले. आयुष्यभर फळ्यावर किनारे काढले होते, आता एक किनारा सांभाळायला मिळाला. गावच्या सभागृहात बिस्किटे आणि चहाची मोठी किटली ठेवून आम्ही बांध, वाटा, गटारे यांवर भांडायचो. एमिरने आपल्या शेतात पर्यटकांसाठी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांची घरे, ठेवायची परवानगी मागितली तेव्हा मी विरोधात हात वर केला. एमिर माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. गोपीनाथना मात्र भिंत शिकवत राहिला. मला त्या मताचा पश्चात्ताप नाही. नियम सगळ्यांना एक.

मग कडा ढासळू लागला. आधी कुंपणाबाहेरची वाट आत सरकली, मग कुंपण गेले. गोपीनाथनी इंजिनीअरच्या पद्धतीने अर्ज केला. कड्याच्या पायाशी मोठे दगड टाकून लाट मोडायची, खर्च आमचा. नकाशे मी काढून दिले. समितीचे धोरण सगळ्यांना ठाऊक होते, मलाही. त्या किनाऱ्यावर समुद्राला अडवायचे नाही. एका जागी अडवला की तो शेजारची पुळण खातो. मी स्वतः हे इतरांना समजावून सांगितले होते.

आमचा विषय आला तेव्हा नेरिस म्हणाल्या, "नीलिमा, नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

मी बोळात चहाच्या किटलीशेजारी उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हते. दार उघडले तेव्हा नेरिस माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या आत." मी खुर्चीवर बसले आणि पुढचा विषय सुरू झाला. गटाराचा होता.

गोपीनाथ गाडीत बसले होते.

"काय झालं?"

"नाही म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

"मी बाहेर होते."

"मग त्या समितीत जातेस कशाला?"

मी पट्टा लावला. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. पुढे रिफायनरी बंद झाली, आम्ही रुवैसला आलो. तिथे समुद्र सपाट आणि गरम. सुट्टीत एकदा पोर्थगारूला जायचे, बाकी वर्ष एमिरच्या फोनवरून घर कळायचे. दोन हजार एकोणीसमध्ये गोपीनाथ रुवैसलाच गेले, हृदयविकाराने. मी दर्शनकडे आले.

गेल्या हिवाळ्यात एका वादळात अंगण गेले. घर आणि समुद्र यांच्यात काही उरले नाही. घर स्वतः पडायच्या आधी उतरवून घ्यावे, असे समितीपुढे आले. मालकीण म्हणून मला व्हिडिओवर तीन मिनिटे बोलायची परवानगी मिळाली. जाणे शक्य नव्हते. "आई, डॉक्टरांनी फ्लाइटला क्लिअर नो म्हटलंय," इशिता म्हणाली. ती हे चिडून नव्हती म्हणाली.

मी कॉटनची साडी नेसले, दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर बसले. शुभ्रा शेजारी. नेरिस अजूनही अध्यक्षा, केस पूर्ण पांढरे झालेले. बाकीचे चेहरे नवे. मी बोलायला सुरुवात केली.

"मिसेस टिपणीस, तुमचा आवाज येत नाहीये."

शुभ्राने बटण दाबले. तोवर मला धाप लागली होती. माझी मागणी एकच होती. घर पाडू नका, समुद्र नेईल तेव्हा नेऊ द्या. आम्हाला समुद्राला अडवू दिले नाहीत, आता तुम्हीही त्याच्या आधी जाऊ नका.

एका तरुण अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, "आपण सध्या तिथे राहता का?"

"नाही."

"कुटुंबातलं कोणी?"

"नाही."

"खाली पुळणीवर लोक चालतात. दगड कोसळले तर?"

हा प्रश्न बरोबर होता. मी समितीत असते तर मीच विचारला असता. मी म्हणाले, "हो, ते आहे." माझी तीन मिनिटे संपली. निर्णय लेखी कळवू, असे नेरिस कागदाकडे बघत म्हणाल्या. मग पडद्यावर नुसते माझेच तोंड उरले.

शुभ्रा म्हणाली, "आजी, इट्स ओन्ली अ हाऊस." तिला मला धीर द्यायचा होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दर्शन संध्याकाळी जेबेल अलीच्या कामावरून आला. सगळे ऐकल्यावर बूट काढत म्हणाला, "खलास, आई. ते घर गेलं असं समज. निदान मागचं शेत तरी विकू. कॅरॅव्हॅन पार्कवाले घेतील."

"त्यांना परवानगी मिळणार नाही."

"मिळवतील ते. तो त्यांचा प्रॉब्लेम."

कलम ४. म्हणून हे शेत. घरामागचे, वरच्या अंगाचे, दगडी बांधाचे शेत अजून शाबूत आहे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. समितीने कळवले आहे की कड्यावरची वाट आता घरापाशी तुटणार. शेतातून पट्टा मिळाला तर ती आत वळवता येईल, नाहीतर पुळणीपर्यंतचा रस्ता बंद.

हे शेत मी एमिर याला देते. दोन अटी आहेत. कड्याकडच्या बाजूने माणसांना चालायला वाट सोडावी, आणि कड्याने ती खाल्ली की पुन्हा आत सोडावी, शेत संपेपर्यंत. दुसरी, तिथे कॅरॅव्हॅन ठेवू नये.

फोनवर हे एमिरला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे कॅरॅव्हॅन अजूनही नाहीच?"

"अजूनही नाहीच."

तो हसला. मग म्हणाला, "माझी मुलगी कार्डिफला राहायला गेली, नीलिमा. इथे घर बांधायला परवानगी मिळत नाही म्हणून. माझ्यामागे मेंढ्या कोण बघणार मला माहीत नाही. तरी घेतो." यात मी काय करू शकते? शेतात घर बांधायची परवानगी माझ्या हातात कधीच नव्हती.

दर्शनला हे कलम आवडलेले नाही. तो म्हणाला, "त्या लोकांनी तुला तीन मिनिटं दिली, आई. कणभर सहानुभूतीही दिली नाही. आणि तू त्यांना वाट देतेस?"

मी म्हणाले, "त्या लोकांना नाही रे देत. चालणाऱ्यांना देते."

"चालणारे कोण? आपल्यापैकी कोणी आहे का त्यात?"

नाही. त्याचे बरोबर आहे. आपल्यापैकी तिथे आता कोणीच चालणार नाही. त्याने हे शेत मागू नये आणि त्यावरून आभाशी वाद घालू नये, एवढी विनंती आहे.

कलम ५. माझे दहन इथेच करावे. मला ठाण्याला नेण्याचा खटाटोप नको. अस्थींचे मुलांनी ठरवावे. तेराव्याला शशिकांतभावजींना फोन करावा. त्यांना बोलू द्यावे.

कलम ६. हे कलम मागाहून लिहिते आहे. मसुदा वकीलबाईंकडे असताना घर उतरवायचे ठरल्याचे समितीचे पत्र आले, आणि मागच्या आठवड्यात, दुपारी एमिरचा व्हिडिओ कॉल आला. शुभ्राने फोन माझ्यासमोर धरला. वारा इतका होता की त्याचे शब्द तुटत होते. मागे पिवळे यंत्र उभे होते.

"आज काढताहेत. मला वाटलं तुम्हाला सांगावं. बघायचं नसेल तर बंद करतो."

"नको. धर तसाच."

आधी छप्पर गेले. पाट्या एकेक उतरवून घेतल्या, त्या दुसऱ्या घरांना लागतात. मग यंत्राने स्वयंपाकघराची भिंत ओढली. ती एकदम पडली नाही, आधी वाकली. आतला निळा रंग दिसला, गोपीनाथनी लावलेला. आतल्या रंगाला परवानगी लागत नाही म्हणून त्यांनी मुद्दाम भडक निवडला होता. तो निळा रंग उघड्यावर, त्या करड्या समुद्रापुढे, फार वेळ दिसत राहिला. यंत्रवाल्यांची जेवणाची सुट्टी झाली असावी.

"आजी," शुभ्रा म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने माझ्या नाकातली नळी नीट केली. तिकडे नेरिसही आल्या होत्या. एमिरने फोन त्यांच्याकडे वळवला. त्या काही तरी म्हणाल्या, वाऱ्यात ऐकू आले नाही. मी मान हलवली. त्यांनीही हलवली.

संध्याकाळपर्यंत जागा सपाट झाली. दगड गावच्या बांधांच्या डागडुजीला जातील, असे समितीने ठरवले आहे. मला विचारले नव्हते, पण विचारले असते तर हो म्हटले असते.

वकीलबाईंचा काल फोन आला. "मॅडम, तिसरं कलम काढावं लागेल. नसलेली वस्तू कोणाला देता येत नाही." मी म्हणाले, इंग्रजीतून काढा, अरबीतून काढा. या कागदावर ते राहील. दर्शन आणि आभाला मी ते घर दिले होते, एवढे तरी त्यांना वाचायला मिळावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. सही थोडी वाकडी आहे, हात माझाच आहे.

नीलिमा गोपीनाथ टिपणीस

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:
१. नौशीन अन्सारी, शेजारी, डिस्कव्हरी गार्डन्स. मजकूर हिंदीत समजावून सांगितला.
२. प्रकाश राजाध्यक्ष, कै. गोपीनाथ यांचे रुवैसचे सहकारी.

स्थळ: दुबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६