घाटातला हॉर्न

आप्पा, गेल्या रविवारपासून आमच्या शाळेतली एक मुलगी माझ्याशी बोलत नाही. तिला आणि आणखी चौघींना घेऊन मी सायकलिंगच्या दोन दिवसांच्या शिबिराला घाटात गेले होते. शेवटच्या दिवशी सकाळी उतारावर वेळ लावून निवड होती, आणि धुकं एवढं की पुढचा दगड दिसत नव्हता. बाकीच्या शाळांच्या मुली सुटल्या, मी माझ्या पाचही जणींना थांबवलं. परत येताना जीपमध्ये ती पोरगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आम्ही पुढं गेलेलं तुम्हाला नकोच आहे." बाकीच्या चौघी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. दौंडला पोचल्यावर मी त्यांच्या सायकली उतरवून दिल्या. आज वही घेतली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी असं कधी बोलले नव्हते.

मी अकरावीत होते तेव्हा. रांजणगावला नव्यानं कंपन्या येत होत्या आणि तुम्ही त्यातल्याच एकीत मेंटेनन्सला लागला होता. पाबळला वेल्डिंग शिकलेले तुमचे हात कुठल्याही मशिनीवर नुसते ठेवले तरी तिचं दुखणं तुम्हाला कळायचं. माझी रेसिंग सायकल तुम्ही पुण्यातून जुनी आणली आणि महिनाभर अंगणात उघडून ठेवली होती. आई म्हणायची, ही आता सायकल व्हनार का भंगार. ती सायकल झाली. पहाटे तुमची कंपनीची बस यायच्या आधी तुम्ही मला न्हावऱ्याच्या रस्त्याला न्यायचा, मी पुढं आणि तुम्ही मागं लुनावर. चढ म्हणून आपल्याकडं काय होतं, घोडनदीच्या पुलाचा तेवढा. त्यावर मी वर-खाली, वर-खाली करायची. रस्त्यानं जाणारे उसाचे ट्रॅक्टरवाले हसायचे. तुम्ही त्यांना हात करायचा, जसं काही ते शाबासकीच देतायत.

मग जिल्ह्याच्या सायकलिंगच्या सरांचं पत्र आलं की डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावर, शनिवार-रविवार शिबिर आहे, आणि रविवारी तिथंच चार मुली राज्यासाठी निवडणार. आईनं एका शब्दात नको म्हणून सांगितलं. वस्तीतली कुठली मुलगी तोवर रात्र बाहेर राहिली नव्हती. तुम्ही म्हणालात, म्या जातो की संगं. आणि मित्राचा टेम्पो मागून आणलात. माझ्याबरोबर शिरूरच्या अजून दोघींच्या सायकली त्यात बांधल्या. सरांनी ठरवलेली जीप ऐनवेळी आली नाही, तेव्हा त्यांनी तुम्हालाच विचारलं की मुलींच्या मागं टेम्पो चालवाल का. तुम्ही हो म्हणालात. मला आठवतं, तुम्ही शर्टाची कॉलर सरळ केली होती.

आम्ही एका आश्रमशाळेत उतरलो होतो. शनिवारभर नुसता चढ. माझ्या मांड्या थरथरत होत्या, आणि पुण्याच्या मुली, ज्यांच्या सायकलींना पुढं-मागं मिळून कितीतरी गिअर, त्या बोलत-बोलत माझ्या पुढं जात होत्या. चढावर माझं काही खरं नव्हतं, हे दुपारीच कळलं. पण उतारावर मी त्यांना मागं टाकत होते. त्या ब्रेक दाबायच्या तिथं मी दाबत नव्हते. सर स्टॉपवॉचकडं बघून म्हणाले, उद्या उतारावर असंच जमलं तर तुझा नंबर लागेल. तो 'तर' मी रात्रभर चघळला.

रविवारी उजाडताना तुम्ही मला बाजूला बोलावलंत. टेम्पोच्या मागच्या चाकाला आतून ओल होती. तुम्ही बोट लावून मला दाखवलंत, वासही घ्यायला लावलात. ब्रेकचं ऑइल होतं. पेडल निम्म्याच्या खाली जात होतं, दोन-तीनदा दाबलं की मग वर यायचं. तुम्ही म्हणालात, घोडेगावहून मिस्त्री आणू, दुपारपर्यंत होईल. सर म्हणाले, दुपारी सगळ्यांना निघायचंय, आणि मागं गाडी नसेल तर घाटात मुली सोडणार नाही. निवड मग पुढच्या वर्षी बघू. सर वाईट नव्हते, आप्पा. त्यांनी तुम्हाला जबरदस्ती केली नाही. ती मी केली.

आश्रमशाळेच्या मागं पाण्याची टाकी होती, तिथं. तुम्ही तोंड धूत होता. मी आधी हात जोडले. मग म्हटलं की तुम्ही रांजणगावच्या मशिनी दुरुस्त करता, तुम्हाला एवढं सांभाळता येत नाही का. तुम्ही म्हणालात, "पोरी, मशिन बंद करता येतं. उतार बंद करता येत न्हाई." मग मी ते बोलले. "म्या पुढं गेल्याली तुमाला नकोच हाय."

तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकला. ओले हात तसेच. थोड्या वेळानं टेम्पोत डब्यातलं ऑइल ओतून, बराच वेळ पेडल दाबत बसलात. खाली उतरून म्हणालात, चालंल, दुसऱ्या गिअरात उतरतो. मग मला एकच गोष्ट सांगितलीत, दोनदा सांगितलीत. "लांब हॉर्न दिला की कडंला व्हायचं आन् थांबायचं. काय बी असू दे. थांबायचं." मी मान हलवली. माझं लक्ष सर नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होते तिकडं होतं.

मला शेवटचा नंबर आला. सर मोटारसायकलवरून खाली गेले, धरणाच्या अलीकडच्या पुलापाशी ते घड्याळ घेऊन थांबणार. वर एक बाई निशाण धरून. दोन-दोन मिनिटांनी एकेक मुलगी सुटते, वळणाआड जाते आणि मग नुसता वारा राहतो. माझ्या मागं तुमचा टेम्पो घरघरतोय. मी मागं वळून बघत नाही. निशाण पडतं.

पहिली दोन वळणं मी कशी घेतली ते अजून माझ्या खांद्यांना आठवतं. उजवीकडं डोंगर, डावीकडं कठड्याचे दगडी गुटके आणि त्यांच्या पलीकडं काही नाही. रस्त्यावर बारीक खडी सांडलेली. डोळ्यांतून पाणी येतंय, ते गालावर न थांबता कानाकडं जातंय. तिसऱ्या वळणाला माझ्या पुढं सुटलेली मुलगी मला दिसली. दोन मिनिटांतलं बरंच अंतर मी खाल्लं होतं. तेवढ्यात वरून हॉर्न आला. लांब. एकसारखा, न सोडता.

मी कडेला झाले नाही. थांबले तर नाहीच. मी सायकलवर अजून खाली वाकले आणि पायडल मारायला लागले. उतारावर, जिथं शहाणा माणूस पाय स्थिर ठेवतो, तिथं मी पायडल मारत होते. हॉर्न जवळ येत गेला. वरच्या रस्त्यावरून तो माझ्या मागच्या रस्त्यावर आला. मला त्याच्याबरोबर इंजिनाचा आवाज यायला पाहिजे होता, तो येत नव्हता, नुसती चाकं. मी चौथं वळण घेतलं. आणि हॉर्न बंद झाला.

त्या मुलीला मी पुलाच्या आधी गाठलं. सरांनी घड्याळ दाबलं आणि माझ्याकडं बघून हसले, वेळेत मी दुसरी आले होते. मुलींनी मला पाणी दिलं. सगळ्याजणी बोलत होत्या, मीही बोलत होते. मग सर म्हणाले, टेम्पो कसा नाही आला अजून. आम्ही रस्त्याकडं बघत उभं राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं.  शेवटी वरून एसटी आली, कंडक्टर दारातूनच ओरडला की एक टेम्पो डोंगराला घासून चारीत गेलाय, माणूस जिवंत हाय.

सरांच्या मागं बसून मी वर आले. तुम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, तोंडभर लाल माती. टेम्पोची उजवी बाजू डोंगरानं खरवडून काढली होती. तुमचा उजवा पाय दोन माणसांनी पेडलखालून सोडवला होता. शेवटपर्यंत तुम्ही तो दाबतच राहिला होता. घोट्यापाशी तो भलतीकडंच वळला होता. तुम्ही आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलंत. मग विचारलंत, "कितवी?"

मी म्हटलं, दुसरी.

तुम्ही डोळे मिटले. मग सरांचा हात धरून त्यांना सांगायला लागलात, आणि मी पहिल्यांदा ती गोष्ट ऐकली. दुसरा गिअर सुटला, परत पडेना. पेडल तर कधीच तळाला गेलेलं. घाबरून तुम्ही हॉर्न दाबला, आणि दाबल्यावर तुमच्या ध्यानात आलं की पोरीला आपणच सांगितलंय, हॉर्न ऐकला की थांब. "सर, माजं काळीजच थांबलं. आता ही थांबनार आन् म्या हिच्या अंगावर जानार. पर पोरगी लई हुशार. तिनं आवाज वळखला. थांबली न्हाई, पळाली. तिनं तेवढी जागा दिली म्हनून म्या वळनाला डोंगरावर घेतली गाडी." सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही माझ्याकडं बघत होता आणि मी तुमच्या पायाकडं.

मंचरला, मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात, घोट्यात स्टीलची पट्टी, चार महिने घरी. आईनं विचारलं की ब्रेक खराब होता तर नेला कशाला. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता येईल माझं नाव. तुम्ही म्हणालात, मला वाटलं चालंल, माझाच अंदाज चुकला. टाकीपाशी काय झालं ते तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत, मलाही परत त्याबद्दल बोलला नाहीत. कंपनीनं तुम्हाला मशिनीवरून काढून स्टोअरला बसवलं. नटबोल्ट मोजून देणारे तुमचे हात बघायला मी एकदा कंपनीच्या मेळाव्याला आले होते, तुम्हाला आठवत असेल. मी लवकर घरी निघून गेले.

पण हॉर्नची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगितलीत. विहाराच्या पायरीवर, कंपनीच्या बसमध्ये, सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तुमच्या बिहारी सोबत्यांना मोडक्या हिंदीत. मी राज्याला गेले, मागं पडले, परत आले, तरी ती गोष्ट कमी झाली नाही. लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांना तुम्ही शिक्षणाच्या आधी ती सांगितलीत. ती सांगताना तुम्ही लंगडता हे तुम्ही विसरायचा.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तुमच्या छातीला वायरी लावलेल्या असताना, तुम्ही ती नर्सबाईंना सांगितलीत. मी डबा घेऊन आले होते. त्या आधीचे दोन दिवस मी ठरवत होते की आज सांगायचं. नर्सबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, ताई, पण तुम्हाला कळलं कसं की हा हॉर्न वेगळा आहे? तुम्ही उशीवरून माझ्याकडं बघत होता. उत्तर तुम्हालाही पाहिजे होतं. इतक्या वर्षांत तुम्ही मला ते विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अंदाज आला." तुम्ही हसलात आणि नर्सबाईंना म्हणालात, बघा. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आई आता माझ्याकडं दौंडला असते. तीच गोष्ट ती माझ्या मुलाला सांगते, तुमच्याच शब्दांत. तो मला विचारतो, आई, तू घाबरली नव्हतीस? मी भाजी निवडत राहते. ही वही मी आईला दाखवणार नाही, मुलालाही नाही. माझ्याशी न बोलणाऱ्या त्या पोरीला काय सांगायचं तेही मला अजून सुचलेलं नाही. उद्या सकाळी सात वाजता ती मैदानावर येईल किंवा येणार नाही.

मला आवाज ओळखू आला नव्हता, आप्पा. मला वाटलं तुम्ही थांब म्हणताय. तुमचा जीव घाबरलाय, तुम्हाला माझा वेग बघवत नाही, आणि पुढची मुलगी एवढी जवळ आली असताना तुम्ही मला थांबवताय. मी थांबले नाही, कारण मला थांबायचं नव्हतं. आणि चौथ्या वळणाला हॉर्न बंद झाला, तेव्हा मला बरं वाटलं होतं.