हलत नाही असं लिहिलेला दगड

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे आठांपैकी तीन अंगं सध्या वाकत नाहीत. पाच पोचती करतो, उरलेली मानून घे.) तुझा पाय प्लास्टरमधून सुटला का, आणि सुटला असेल तर तू काठी घेऊन चालतेस की काठी कोपऱ्यात उभी करून भिंत धरून चालतेस, ते खरं कळव. भाऊजींना विचारण्यात अर्थ नाही, ते तुझ्या बाजूने खोटं बोलतात. आमच्याकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला, तो मला आला.

तुझी पेन्सिल गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, की शेवटी ती काय म्हणाली. मी नीट ऐकू येत नाही असं सांगून फोन ठेवला. ऐकू चांगलं येत होतं. पण ती गोष्ट एका दगडापासून सुरू होते आणि फोनवर दगडापासून सुरुवात केली तर माणूस भलतीच शंका घेतो, म्हणून पत्र. (पेन्सिल हे तुमच्या वर्गात तुझ्या मैत्रिणीला पडलेलं नाव. मी एकतीस वर्षं त्यांना बाई म्हणालो, आता कागदावरही दुसरं काही उतरत नाही. तेव्हा पुढे बाई.)

तूच मला त्यांच्या प्रयोगशाळेत चिकटवलंस. मदतनीस म्हणून. मी लोकांना संशोधनात आहे म्हणून सांगायचो, आणि आई शेजारणीला सांगायची की खडी फोडतो. आईचं जास्त बरोबर होतं. उंच डोंगरांतल्या हिमनद्या फार पूर्वी कधी खाली सरकल्या होत्या, हे बाई शोधायच्या. हिमनदी पुढे येताना दगडमाती ढकलत आणते आणि मागे हटताना तिचा बांध तिथेच टाकून जाते. बांधावरचे मोठे दगड त्या दिवसापासून उघड्यावर पडतात, आभाळातून येणारे न दिसणारे किरण त्यांना लागत राहतात, आणि त्याची खूण दगडातल्या गारगोटीत वर्षानुवर्षं साठत जाते. ती मोजली की दगड किती वर्षं आभाळाखाली आहे ते कळतं. मोजणं बाईंकडे. त्याआधी दगडाचा माथा छिन्नीने फोडणं, तो पाठीवर आणणं, कुटणं, चाळणं आणि आम्लात महिनोन्महिने धुऊन त्यातून चिमूटभर पांढरी भुकटी काढणं माझ्याकडे. एक अट मात्र कडक होती. दगड जिथे बर्फाने ठेवला तिथेच, तसाच बसलेला हवा. मधे कधी लोळला असेल तर नवी बाजू आभाळाकडे येते आणि दगड आपलं वय चोरतो. (आपल्या मावशीसारखा, पण मावशीला छिन्नी लावायची सोय नव्हती.)

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एका बांधावर गेलो. बाईंचा गुडघा अर्ध्या चढावर गेला, म्हणून त्या खाली तंबूत राहिल्या आणि मी खेचरवाल्याबरोबर वर. तिघांत शहाणं ते खेचर होतं, पण त्यानेही माझ्या नोंदवहीची दोन पानं खाल्ली. दोन दगड झाले. तिसऱ्यासाठी बाईंनी सांगितलेली जागा अजून तासभर वर होती आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला. नमुन्याच्या पिशवीच्या दोरीने मी तो बांधला, चार पावलांत तो पुन्हा जबडा उघडून माझ्याकडे बघायला लागला. वाटेत एक भलामोठा, सपाट माथ्याचा दगड होता, बसायला अगदी बेताच्या उंचीचा. मी त्यावर बसून चहा घेतला. उठताना दगड जरासा डुगडुगला. खेचरवाला म्हणाला, “हलतोय.” मी म्हणालो, “तू चहा पी.” मग मी त्याच दगडाचा माथा फोडला आणि नोंदीत लिहिलं: दगड क्रमांक तीन, पक्का रुतलेला, हलत नाही.

(उतरताना नाक्यावरच्या शिपायाने पोत्यात काय म्हणून विचारलं. दगड. कशाला? वय बघायला. त्याने पोतं सोडलं, पण आम्ही वळणाआड जाईपर्यंत आमच्याकडे बघत होता.)

निकाल आला. पहिले दोन दगड एकवीस हजार वर्षांचे, तिसरा बारा हजारांचा. बाईंनी मला टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, “तिसरा पक्का होता ना?” अक्का, तेव्हा सांगता आलं असतं. टेबलावर दोन कप होते, खिडकी उघडी होती, बाई चिडलेल्याही नव्हत्या. मी म्हणालो, “हो, पक्का.” त्यावर त्यांनी मान हलवली आणि निष्कर्ष काढला, की खरं वय तिसऱ्याचं. पहिले दोन बर्फाने उचलण्याआधी कड्यावरच किरण खाऊन आले असणार, म्हणून म्हातारे दिसतात. त्यांनी तसं छापलं. शेजारच्या सगळ्या खोऱ्यांतून लोकांनी वीस-एकवीस हजार आणले आणि बाई एकट्या बारा हजारांवर उभ्या राहिल्या. परिषदांमध्ये लोक त्यांच्या भाषणाच्या वेळी चहाला उठायचे. एकदा मी मागच्या रांगेत बसलो होतो, पुढचा गृहस्थ शेजाऱ्याला हसून म्हणाला, बाराहजारी बाई.  त्याला टोकायला मला तोंड कुठे होतं?

या उन्हाळ्यात धाकटे साहेब (बाईंचे विद्यार्थी, आता त्यांच्या खुर्चीवर आहेत) त्याच बांधावर पुन्हा नमुने घ्यायला निघाले आणि जागा दाखवायला मला नेलं. मी कंबर पुढे केली, ते म्हणाले काका, खेचरावर बसा. वर पोचलो तर दगड क्रमांक तीन जागेवर नव्हता. बांधाच्या उतारावर बरंच खाली आडवा पडला होता, आणि माझ्या छिन्नीची खोबण दरीकडे तोंड करून होती. साहेब त्याच्याजवळ गेले, खोबणीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “काका, हाच ना?” मी म्हणालो, “हाच. तेव्हाही हलत होता.” ते खाली बसले. बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. मग एवढंच म्हणाले, की बाईंना तुम्ही सांगणार की मी?

मी सांगितलं. बाई इस्पितळात होत्या, नाकाला नळी. दुपारची वेळ, शेजारच्या खाटेवरची आजी मोसंबं सोलत होती. मी आल्या आल्या सगळं बोलून टाकलं, बूट, चहा, डुगडुगणं, सगळं. ऐकल्यावर बाई हसल्या. खूप हसल्या. मग त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: दगड क्रमांक तीन रद्द. उरलेले दोन खरे. हिमनदी इथवर आली ती एकवीस हजार वर्षांपूर्वी. मला म्हणाल्या, “दुरुस्ती छापायची. कारण तुम्ही लिहा.” त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या. तू शेवटचे शब्द विचारलेस. माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द हे.

तेव्हा काळजी करू नकोस. त्या मोकळ्या मनाने गेल्या. पायाला जप, औषध वेळेवर घे, भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. साहेब कारणाची ओळ मागताहेत. मी तीन मसुदे केले. ‘नमुना घेणाऱ्याच्या नजरचुकीने’ खोटं आहे, नजर चुकली नव्हती. ‘प्रतिकूल परिस्थितीमुळे’ हे बुटावर ढकलल्यासारखं होतं. तिसरा असा: ‘दगड हलतो हे माहीत असून मदतनिसाने हलत नाही असं लिहिलं.’ खाली माझं नाव. तू तीस वर्षं मुलांना भाषा शिकवलीस, यात काही कमी-जास्त असेल तर कळव.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं की बाई हसल्या. त्या हसल्या नाहीत. मी घरी हिलाही तेच सांगितलं, साहेबांनाही तेच, आणि आता तुलाही लिहून बसलो. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आजीचं अख्खं मोसंबं सोलून खाऊन झालं तरी त्या वळल्या नाहीत. मग वळल्या आणि कागद मागितला. तू त्यांच्याबरोबर पाचवीपासून एका बाकावर बसलीस. त्यांना कोणी फार दुखावलं की त्या भिंतीकडे तोंड करायच्या, की हिशेब मनात मांडताना करायच्या? जे असेल ते लिही. मला बरं वाटेल असं लिहू नकोस.