गेणूला न दिलेला चरक

बावड्याच्या बागायतदारांनो, पाटाच्या शेवटच्या टोकाला आपली शेते आहेत आणि पाणी वरच अडवले जाते, हे दुखणे तुमचे-माझे सारखेच. त्यावर मी वीस वर्षे तुमच्यापुढे घसा फोडून बोललो. आज बोलण्याचे बळ नाही, म्हणून लिहितो.

मी जोतीराम रावजी शेंडे, वय एकसष्ट, राहणार बावडा, तालुका इंदापूर. छातीचा विकार बळावला आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, तर राजीखुशीने माझे हे मृत्युपत्र करतो.

१. राहते घर पत्नी ठमाबाईचे. ग्रंथांची दोन कपाटे शाळेला. त्यांतला कायद्याचा ग्रंथ मी फार उशिरा उघडला.

२. विहिरीलगतचा मळा धाकटा भाऊ झुंबर याला. झुंबर, पाट तू फोडलास. पाटकऱ्याने विचारले तेव्हा गेणू भोंगळेने खरे ते सांगितले, एवढाच त्याचा गुन्हा. शिक्षा म्हणून गावाच्या पाण्याच्या पाळ्या महिनाभर बंद झाल्या. लोकांचा राग तुझ्यावर निघायचा, तो मी माझ्या जिभेने गेणूवर वळवला.

३. उसाचा चरक. गेल्या माघात, याच घराच्या ओसरीवर, चरक असलेल्या आपण अकरा जणांनी बेलभंडार उचलला: गेणूचा ऊस कोणी गाळायचा नाही, आणि ठरले ते बाहेर फोडायचे नाही. शपथ मी घातली. "चुगलखोराचा गूळ गोड लागत नाही," असे मी म्हणालो आणि तुम्ही हसलात.

गेणू आला. "आबा, उद्या चरक मोकळा हाय का?"

"दात मोडलाय."

तिसऱ्या दिवशी तो बारामतीहून लोहार घेऊन आला. "ह्यो दात बशिवतो म्हंतोय. मजुरी मी देतो. उसाला तुरं आल्यात, आबा."

चरक धडधाकट होता. लोहाराने माझ्याकडे पाहिले. बैल आजारी आहेत, असे मी सांगितले. दहा दारांत त्याला अशाच दहा सबबी मिळाल्या. पुढे त्याने विचारणे सोडले. नुसता बांधावर येऊन उभा राहायचा. ऊस उभ्याने वाळला. चैत्रात तापाने तो गेला.

गेला असे मी लिहितो खरा. पण यंदा गुऱ्हाळ लागले तेव्हापासून त्या बांधासमोर आले की माझे बैल थबकतात. रसाला आंबूस वास येतो, तो इतर कोणाला येत नाही. ठमाबाई विचारते, "कुणाशी बोलताय?" मी म्हणत असतो, "मोकळा हाय रं, घिऊन जा."

हा चरक जो मागेल त्याला द्यावा. नाही म्हणण्याचा अधिकार माझ्या कोणत्याही वारसास नाही.

४. आपला चरक न देणे हा ज्याचा त्याचा हक्क, या आडोशाला आपण लपलो. कायदा वेगळे सांगतो. आपला धंदा राखायला एकत्र येणे निराळे. एकाचे वाटोळे व्हावे म्हणून ठरवून एकत्र आलो आणि त्याचे नुकसान झाले, तर ते दिवाणी दुष्कृत्य होते, आणि सगळी भरपाई कटातल्या कोणा एकाकडूनही मागता येते. तेव्हा कोर्ट ठरवील ती भरपाई आधी माझ्या मिळकतीतून द्यावी; वरच्या वाटण्या त्यानंतर.

५. गेणूची विधवा प्रयागबाई हिला मी मळा देऊ केला होता. ती उंबऱ्याबाहेरूनच बोलली, "मळा नगं, आबा. गाव म्हणतंय, त्येच्या हातालाच यश न्हवतं. अकरा जणांनी मिळून केलं, ह्ये कोर्टात सांगा."

तिने दावा लावला आहे. तारखेपर्यंत मी टिकत नाही. माझी कबुली या कागदात आहे. पण वकील म्हणतात, मेलेल्याच्या एकट्या कागदावर कट शाबीत होणे कठीण. शपथ घेतलेला जिवंत माणूस पिंजऱ्यात उभा राहिला पाहिजे. आणि तुम्ही दहाजण बेलभंडाराला भिऊन गप्प आहात.

६. ती शपथ मोडल्याचे तुमचेही पाप मी माझ्या नावे लिहून घेतो. ते वारसांकडे जाणार नाही, माझ्याबरोबर येईल. आता भिण्याला कारण उरले नाही. सोमवार, १४ फेब्रुवारी रोजी बारामतीच्या दिवाणी कोर्टात जा आणि प्रयागबाईच्या बाजूने साक्ष द्या.

जोतीराम रावजी शेंडे, सही दस्तुरखुद्द
साक्षीदार: भीमा सखाराम गवळी, शिक्षक
साक्षीदार: आप्पासाहेब विठोबा कोरे, वैद्य
मुक्काम बावडा, ९ जानेवारी १९३८