दाराआडचं लाकूड

रविवार, लोणावळा

आज भाजे गावचे सुतार गणपतभाऊ आले. बाबांच्या जुन्या मोटारीचं दार त्यांनी उतरवलं. पत्र्याआडचा लाकडी सांगाडा पार कुजलेला निघाला. बोट लावलं तर भुगा.

"ताडपत्री लय घट्ट बांधलीत. ओल आतच कोंडली. लाकडाला वारा लागतो," भाऊ म्हणाले.

ताडपत्री मीच बांधायचो, तीन पावसाळे. जरा सैल ठेव, असं बाबा सुरुवातीला सांगत होते. मी का ऐकलं नाही?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला गेल्या वर्षीच कळलं होतं. दार लावताना आवाज बदलला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मायेनं झाकायचास."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.